देहाचाही सात-बारा पाहावा

एकर-दोन एकर जमीन घ्यावयाची झाली म्हणजे आपण शेतकरी लोक किती सावध असतो, हे निराळे सांगावयास नको. विकणारा शेजारगावचा, ओळखीचा, प्रसंगी सोयरा असला तरी त्याच्या तोंडच्या शब्दावर आपण इसार देत नाही. सात-बारा पाहतो, आठ-अ पाहतो, फेरफार कोणत्या कारणाने झाला ते पाहतो, इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा वा सोसायटीचा बोजा आहे की काय हे बोट ठेवून वाचतो, बांधावरून फिरून चतुःसीमा डोळ्यांखाली घालतो. आणि एवढे करूनही मन खाऊ लागले तर जुने उतारे काढून आणतो. बियाण्याची पिशवी घेताना तीवरील तारीख व लॉट नंबर पाहिल्याशिवाय पैसे न देणारे जाणते शेतकरी आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु तोच मनुष्य, कंबर धरली, लघवीस जळजळ झाली, मुलगा दारूच्या नादी लागला किंवा गड्याचा हात यंत्रात सापडला म्हणजे आठवड्याच्या बाजारात भेटलेल्या अनोळखी इसमाचा सल्ला निमूटपणे शिरोधार्य मानतो. जमिनीच्या बाबतीत चौकस आणि देहाच्या बाबतीत भोळा, अशी आपली स्थिती आहे. जमीन गेली तर दावा लावता येतो. मूत्रपिंड गेले तर अपील कोणत्या कचेरीत करावयाचे?

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. मराठी शाळेत जे शिकावयास मिळाले तेवढ्यावर महसूल खात्यात कारकुनी केली आणि आता निवृत्त होऊन गावी शेती पाहतो. औषध कोणते घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही व मी ते सांगणारही नाही. कागद खरा की खोटा हे कसे पाहावे, एवढे मात्र नोकरीने मला शिकवले. तीच विद्या जेथे सर्वांत अधिक लागणार होती तेथे मी वापरली नाही, म्हणून हा लेख.

माझ्या घरची गोष्ट

माझ्या थोरल्या बंधूंस आम्ही अण्णा म्हणतो. उसाला रात्री-बेरात्री पाणी धरण्यात त्यांचे आयुष्य गेले. कंबर दुखू लागली तेव्हा दुकानातून अंगदुखीची गोळी आणावी, खावी आणि कामास लागावे, असा त्यांचा क्रम पडला. प्रथम आठवड्यातून एक, मग दिवसाआड एक, मग हंगामात रोज दोन. गोळी न घेतली तर चैन पडेना. हेही एक व्यसनच होय, हे आमच्या कोणाच्या ध्यानी आले नाही; कारण व्यसन म्हणजे दारू, गुटखा, मिश्री एवढीच आपली समजूत. पुढे पायांवर सूज दिसू लागली. त्याच सुमारास बाजारात त्यांच्या हाती एक छापील कागद पडला. मूत्रपिंडाचा कोणताही विकार चाळीस दिवसांत समूळ नाहीसा करणारे चूर्ण, असा त्यावर मजकूर होता. अण्णांना चष्म्याशिवाय बारीक अक्षर लागत नाही, म्हणून तो कागद त्यांस मीच वाचून दाखवला.

अण्णा म्हणाले, "अरे, तू जन्मभर कचेरीत कागद तपासलेस. हा कागद खरा असेल का?"

मी म्हणालो, "अण्णा, छापलेला आहे. खोटे असते तर छापू कसे दिले असते?"

ज्याने हजारो उतारे जुन्या नोंदींशी ताडून पाहिले, त्याने आपल्या भावाच्या जिवाचा कागद नुसत्या छापील अक्षरांवर खरा मानला! चाळीस दिवसांनी सूज वाढली, अन्न जाईनासे झाले, दम लागू लागला. जिल्ह्याच्या ठिकाणी नेले तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाल्याचे कळले. डॉक्टरांनी विचारले, "रक्तदाब किती वर्षांपासून आहे?" आम्हांस उत्तर देता येईना, कारण तो कधी मोजलाच नव्हता. गोळ्यांनी किती बिघडवले, रक्तदाबाने किती आणि त्या चूर्णाने किती, याची फोड आता कोणालाही करता येणार नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. अण्णा हयात आहेत. परंतु आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, यंत्रावर रक्त शुद्ध करून घेण्यासाठी त्यांस जावे लागते. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यामुळे तो दोष मी स्वतःच वाहत आहे.

चार रकाने

यानंतर मी स्वस्थ बसून विचार केला, की तो कागद सात-बारा म्हणून माझ्या मेजावर आला असता तर मी काय पाहिले असते? चार गोष्टी पाहिल्या असत्या. त्याच चार गोष्टी आरोग्याविषयीच्या प्रत्येक बातमीस लावता येतात. मग ती बातमी बाजारातील पत्रकाची असो, मोबाइलवर फिरत आलेली असो, नाही तर पारावर ऐकलेली असो.

पहिला रकाना कब्जेदाराचा. सांगणारा कोण? त्याचे नाव, शिक्षण व नोंदणी क्रमांक काय? महाराष्ट्रात आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेत असते. आयुर्वेदाच्या वैद्यांची परिषद निराळी आहे. औषधाच्या चिठ्ठीवर हा क्रमांक असावा लागतो. ज्या कागदावर फक्त फोन नंबर आहे आणि माणसाचे नाव नाही, तो बेवारस उतारा समजावा.

दुसरा रकाना क्षेत्राचा. ही गोष्ट कोणास लागू? एका गटाची मोजणी दुसऱ्या गटास लागत नाही, तसेच एका रोग्याचे पथ्य दुसऱ्यास लागत नाही. याचे उदाहरण पाहा. "पाणी भरपूर प्या, मूत्रपिंड स्वच्छ राहते," असे सर्रास सांगतात. मुतखडा होणाऱ्या माणसास हा सल्ला योग्य आहे. परंतु ज्याची मूत्रपिंडे निकामी होऊन लघवी कमी झाली आहे, त्याच्या अंगात ते पाणी साठते आणि छातीत पाणी होऊन जीव घाबरा होतो. तीच गोष्ट नारळपाण्याची. निरोग्यास ते अमृत; परंतु त्यात पोटॅशियम हे क्षार विपुल असते व निकामी मूत्रपिंडास ते बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे हृदय एकाएकी बंद पडण्यापर्यंत पाळी येते. सोयरे मंडळी भेटीस येताना प्रेमाने शहाळी आणतात. अण्णांकडेही आणली होती. सल्ला खोटा नव्हता, पण गट क्रमांक चुकला होता.

तिसरा रकाना इतर हक्कांचा, म्हणजे बोजाचा. या उपायाने अपाय काय होऊ शकतो, आणि सांगणाऱ्याचा त्यात लाभ काय? ज्या औषधाचा काहीच अपाय नाही असे सांगितले जाते, त्या उताऱ्यावरील बोजा खोडून टाकलेला आहे असे खुशाल समजावे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टर देतात व त्या उपयोगीही आहेत. परंतु त्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी करतात. उन्हात घाम गाळून अंगातील पाणी आटलेले असताना, किंवा वय, मधुमेह, रक्तदाब असताना त्या रोज घेतल्या तर इजा होते. पाकिटावरील तांबडी उभी रेघ हीच तो बोजा दाखवणारी नोंद होय. ती रेघ आम्ही वर्षानुवर्षे पाहिली, पण वाचली नाही.

चौथा रकाना फेरफाराचा. हे ज्ञान कसे व केव्हा आले? किती रोग्यांवर पाहिले? जे बरे झाले त्यांचीच नावे सांगतात, की न झालेल्यांचीही मोजदाद ठेवली? "आमच्या गावच्या एकास गुण आला" ही साक्ष झाली, नोंद नव्हे. आणि साक्षीदार नेहमी वाचलेलाच असतो, कारण जो गेला तो पारावर येऊन बोलत नाही.

खरा फेरफार कसा असतो

डॉक्टरांचे ज्ञान म्हणजे साहेबी पुस्तकांतून उचललेले, त्यात आपल्या गावगाड्याचे काय, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण देतो. शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा मनुष्य १९७६ साली हल्लीच्या रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीस आला. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व मुले तेव्हा पटापट दगावत. गंभीर होऊन आलेल्यांपैकी शेकडा तीस-चाळीस मरत. बावस्करांनी मंत्राचा वाद घातला नाही, की पुस्तकाचा हवाला देऊन स्वस्थ बसले नाहीत. रोग्याच्या खाटेशी रात्र रात्र बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची टिपणे ठेवली. त्यावरून विष हृदयावर कसे चालून जाते हे त्यांच्या ध्यानी आले आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्रझोसिन नावाचे स्वस्त औषध त्यांनी योजले. १९८६ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा लेख आला. पुढे मृत्यूचे प्रमाण शेकडा एक-दोनाच्या घरात उतरले. एवढ्यावर न थांबता, प्रझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविषाची लस दिली तर अधिक गुण येतो काय, हेही त्यांनी रोग्यांचे दोन गट करून पडताळले व २०११ साली प्रसिद्ध केले. म्हणजे आपलाच उतारा आपणच पुन्हा तपासला.

भोंदू मनुष्य व शास्त्रज्ञ यांत फरक हाच. भोंदूचे औषध कधी बदलत नाही व कधी चुकत नाही. शास्त्रज्ञ आपली चूक स्वतः शोधतो आणि तारीख घालून नवी नोंद करतो.

जडीबुटीविषयी

आयुर्वेदाचा अपमान करण्याचा माझा हेतू नाही. माझा आक्षेप बिननावाच्या पुडीवर आहे. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी, हा समज किती घातक आहे ते बेल्जियममधील प्रकरणाने दाखवले. ब्रसेल्स शहरी अंग उतरवण्यासाठी काही स्त्रियांस चिनी वनस्पतींची पूड देण्यात येत असे. त्यांतील एका वनस्पतीशी चिनी नावाचे साधर्म्य असलेली भलतीच वनस्पती त्या पुडीत आली. एका खातेदाराच्या नावाशी नाव जुळले म्हणून दुसऱ्याच्या जमिनीवर नोंद व्हावी, तसाच हा प्रकार. त्या वनस्पतीतील विषाने तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे आक्रसून गेली. १९९३ साली हे उघडकीस आले आणि पुढे अशा रोग्यांची संख्या शंभरावर गेली. त्याच कुळातील वनस्पती आपल्याकडे ईश्वरी ऊर्फ सापसण या नावाने सर्पदंशावर देतात, हे जाणकार वाचकांस ठाऊक असेल. तिच्यातही तेच विष आहे. तेव्हा वैद्याकडून औषध घ्यावयाचे तर नोंदणी असलेल्या वैद्याकडून, आणि ज्या डबीवर घटक, परवाना क्रमांक व तारीख छापलेली आहे तीच घ्यावी.

अण्णांच्या त्या कागदासंबंधी कायदा काय सांगतो, हे मला मागाहून कळले. १९५४ साली केंद्र सरकारने औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. त्याच्या परिशिष्टात चोपन्न विकार दिले असून त्यांत मधुमेह, रक्तदाब, मुतखडा व ब्राइटचा विकार म्हणून ओळखला जाणारा मूत्रपिंडाचा रोग हे आहेत. अमुक औषधाने हे विकार बरे होतात अशी जाहिरात लोकांत करणे हाच गुन्हा आहे. म्हणजे "खोटे असते तर छापू कसे दिले असते" या माझ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते. तो मजकूर छापला होता, हीच त्याच्या खोटेपणाची पहिली खूण होती.

मूत्रपिंड मुकाट्याने जाते

मूत्रपिंडाचा रोग हा मुका रोग आहे. अर्धे काम जाईपर्यंत बहुधा काहीच जाणवत नाही. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर पुष्कळ नुकसान झालेले असते. म्हणून त्याच्या जोडीने लघवीतून प्रथिन जाते काय, हेही पाहावे लागते. या दोन तपासण्या व रक्तदाब एवढे वर्षातून एकदा पाहिले तर बहुतेकांचा रोग वेळीच सापडतो. मधुमेह व रक्तदाब असलेल्यांनी तर ही पाहणी शेतसाऱ्याच्या तारखेप्रमाणे कधी चुकवू नये. कारण याच दोन विकारांनी सर्वांत अधिक मूत्रपिंडे जातात.

मात्र यापलीकडेही एक गोष्ट आहे आणि ती शेतकऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. आंध्र प्रदेशात श्रीकाकुळम जिल्ह्यातील उद्दानम भागात, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात आणि मध्य अमेरिकेत निकाराग्वा व एल साल्वादोर येथील ऊसतोड मजुरांत, मधुमेह वा रक्तदाब नसतानाही कष्टकरी माणसांची मूत्रपिंडे निकामी झाली. कारणाविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. कडक उन्हातील श्रम व अंगातील पाण्याची तूट यांवर पुष्कळांचे बोट आहे. पाणी व कीटकनाशके यांचाही तपास चालू आहे. जेथे मोठमोठे शास्त्रज्ञ "नक्की ठाऊक नाही" म्हणतात, तेथे चाळीस दिवसांची हमी देणारा मनुष्य कोण असला पाहिजे, हे वाचकांनीच ठरवावे. आपल्याकडच्या ऊसतोड्यांस मात्र सावली, विसावा व पिण्याचे पाणी देण्यास कोणत्याही संशोधनाची वाट पाहण्याचे कारण नाही.

अपघातातील पहिली घटका

अपघात झाला म्हणजे माहिती शोधण्यास वेळ नसतो. ती अगोदरच खात्रीची करून ठेवावी लागते. जखमेवर हळद, चुना, तंबाखू वा कॉफी दाबण्याची चाल सोडावी. स्वच्छ फडक्याने जोराने व सतत दाबून धरणे हाच रक्त थांबवण्याचा पहिला उपाय होय. कडबाकुट्टीत बोट तुटले तर तो तुकडा स्वच्छ पाण्याने धुऊन, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून, बंद पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. तुकडा नुसत्या बर्फावर ठेवला तर तो मरतो व पुन्हा जोडता येत नाही. सर्पदंशात कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये. अंगठी-कडे काढून, माणसास हलू न देता, प्रतिविषाची लस असलेल्या दवाखान्यात न्यावे. तिच्यावाचून दुसरा उतारा नाही. घोणस चावली तर रक्ताबरोबर मूत्रपिंडही बिघडते, म्हणून मांत्रिकाकडे घालवलेला प्रत्येक तास त्या माणसाच्या पुढील आयुष्यातून वजा होतो.

ट्रॅक्टरखाली अगर मातीच्या ढिगाऱ्याखाली पाय दबून राहिलेल्या माणसाविषयी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असता पडक्या घरांखालून काढलेली माणसे बरी दिसत आणि काही दिवसांनी लघवी बंद होऊन मरत. बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी १९४१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. चेंगरलेल्या मांसातील द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंड बंद पाडते. यास्तव दबून निघालेला माणूस "मला काही झाले नाही" म्हणाला तरी त्यास दवाखान्यात न्यावेच; आणि लघवी तांबडी वा काळपट झाली तर क्षणाचाही विलंब करू नये.

रस्त्यावर पडलेल्यास उचलावे तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती आता बाळगू नये. मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली निर्देश दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तसे संरक्षण आले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे.

व्यसनाविषयी

ज्या घरात दारू शिरली, त्या घरास सल्ल्यांचा तोटा नसतो. "रोग्याच्या नकळत अन्नात मिसळा, दारू सुटेल," ही जाहिरात सर्वांनी पाहिली असेल. दारूचा तिटकारा आणणारे डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. त्याचा हा गुण १९४८ साली कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. परंतु ते रोग्याच्या संमतीने, समज देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावयाचे असते. चोरून दिले आणि त्या माणसाने वर दारू घेतली, तर रक्तदाब उतरून तो प्राणासही मुकू शकतो. माय किंवा पत्नी प्रेमापोटी हे करते आणि आपल्याच हातांनी घात होतो.

दुसरा सल्ला कोंडून ठेवण्याचा. रोज पुष्कळ पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर दोन-चार दिवसांत हातपाय कापणे, झटके, भ्रम असे प्रकार होतात व त्यात मृत्यूही येतो. म्हणून ती तोडावी, पण वैद्यकीय देखरेखीखाली. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. व्यसन हा दुर्गुण नसून आजार आहे, आणि घरच्या माणसांसही उपचारात घ्यावे लागते, हे त्या कार्याने महाराष्ट्रास शिकवले. केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा व १४४१६ हा मनाच्या आजाराचा फोन क्रमांक विनामूल्य आहे. यांत लाज कसली? पिकावर रोग पडला तर आपण कृषी अधिकाऱ्यास विचारतोच ना?

"डॉक्टर तरी खरे सांगतात काय?"

हा आक्षेप मी टाळणार नाही. अनावश्यक तपासण्या व अवाच्या सवा बिले यांचा अनुभव पुष्कळांस आहे. परंतु एका तलाठ्याने चुकीची नोंद केली म्हणून आपण सात-बारा पाहणे सोडत नाही. उलट नक्कल मागून घेतो. येथेही तेच करावे. डॉक्टरांच्या वर्तणुकीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रोग्याने मागितल्यास त्याचे कागद ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ते कागद घ्यावे, तारखेवार लावावे आणि मोठा खर्च वा शस्त्रक्रिया सांगितली तर दुसऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांस दाखवावे. आपल्याकडूनही एक चोपडी ठेवावी. कोणती गोळी, किती दिवस, कोणी दिली, रक्तदाब किती, हे तीत लिहावे. अशी दोन आण्यांची चोपडी अण्णांपाशी असती तर त्या दिवशी डॉक्टरांपुढे आम्ही मुके झालो नसतो.

संघाने काय करावे

एकट्या शेतकऱ्याने प्रत्येक बातमी तपासावी ही अपेक्षा जड आहे. म्हणून आपल्या शेतकरी संघापुढे चार सूचना ठेवतो.

एक, संघाच्या कचेरीत एक फलक लावावा. सर्पदंशाची लस, डायालिसिसची सोय व व्यसनमुक्तीचा उपचार जवळात जवळ कोठे मिळतो, हे त्यावर असावे. आणि प्रत्येक ज्येष्ठात, पावसापूर्वी, सेक्रेटरींनी स्वतः चौकशी करून तारखेसह सही करावी. जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत डायालिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ पासून आहे व महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही ती सोय आहे, हे कित्येकांस जमीन विकून झाल्यावर कळते.

दोन, एक आरोग्य दप्तर ठेवावे. गावात फिरणारी जी बातमी असेल ती सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांस दाखवून त्यांचा लेखी अभिप्राय त्यात लावावा व जुना झालेला अभिप्राय काढून टाकावा.

तीन, सुगी आटोपल्यावर वर्षातून एक दिवस रक्तदाब, साखर, लघवी व क्रिएटिनिन तपासण्याचा ठेवावा. स्त्रियांस व सालगड्यांसही बोलवावे. त्यांस कोणी विचारीत नाही.

चार, आपल्या या मासिकाने कोणत्याही रोगाची हमी देणारी जाहिरात स्वीकारू नये. छापील अक्षरावर विश्वास ठेवणारे माझ्यासारखे वाचक अजून पुष्कळ आहेत. त्या विश्वासाचे विश्वस्तपण मासिकाकडे आहे.

परवा अण्णांस घेऊन डायालिसिसला गेलो असता शेजारच्या खाटेवरील तरुण शेतकऱ्याने एक पुडी दाखवून मला विचारले, "काका, हे घेऊ का?" मी त्यास म्हणालो, "पोरा, यावर कोणाचे नाव आहे ते मला वाचून दाखव." त्याने पुडी उलटसुलट करून पाहिली. नाव नव्हते. त्याने ती खिशात न ठेवता तेथील डॉक्टरांच्या मेजावर नेऊन ठेवली. अण्णा हे डोळे मिटून ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "आता बरोबर तपासलेस."

वाचकांनी आपल्या घरी ही तपासणी आधी करावी, इतकीच विनंती.

— एक निवृत्त महसूल कारकून